डावीकडून दुसरे कोण?

१५ ऑगस्ट २०२३, मंगळवार

सकाळीच सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या किल्ल्यावर. किल्ला लष्कराकडे, त्यामुळे लोकांसाठी दार उघडतं ते २६ जानेवारी, १ मे आणि आजच्या दिवशी. पेपरच्या डेस्कला हवा असलेला फोटो ठरलेला असतो: गालावर तिरंगा रंगवलेलं पोर आणि मागे दगडी भिंत. तो दहा मिनिटांत झाला. मग कॅमेरा जिथवर चालतो तिथवर जाऊन कठड्याशी उभा राहिलो. इथे येणारं प्रत्येक नागपुरी कुटुंब आधी आपलं घर शोधतं.

“ते पाय, आपली गल्ली.”

“काहीबी! ते मेट्रो स्टेशन होय ना.”

आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात १८१७च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर लढाई झाली. किल्ला इंग्रजांनी त्यानंतर बांधला. हा इतिहास वाचायला कोणी थांबत नव्हतं, कठड्याशी मात्र जागा मिळत नव्हती. एका घरातल्या चौघांची बोटं चार दिशांना, असा फोटो मिळाला. डेस्कनं पोराचाच लावला.

१९ ऑगस्ट, शनिवार

जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सनं दागेरची पद्धत जगाला खुली केली, त्याचं निमित्त. आम्हा पाचसहा जणांना शाल-श्रीफळ. सगळे फोटोग्राफर मंचावर, त्यामुळे फोटो काढला संयोजकांच्या भाच्यानं, मोबाइलवर. टोकाचे दोघे अर्धे कापले गेले. प्रेस नोटमध्ये नावं मात्र सगळ्यांची.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पोळ्याची कर. आज मारबत.

देशभरात दसऱ्याला रावण जळतो, पण मारबतींचे पुतळे फक्त आमच्याकडे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं मंडळवाले सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, काळी इतवारीतून, आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. त्या गाठीचा फोटो म्हणजे वर्षाची परीक्षा. खाली उभं राहिलात तर समोरच्यांचे उंचावलेले मोबाइल तेवढे मिळतात. म्हणून आधी गॅलरी गाठावी लागते. ज्या घराच्या गॅलरीत मी दरवर्षी उभा राहतो तिथल्या काकू आता विचारतसुद्धा नाहीत, वर पाठवतात आणि मागोमाग चहा येतो. यंदा त्यांची सून म्हणाली, “दादा, आमचा बी काढा ना एक, दरवर्षी तुम्ही नुसता रस्त्याचाच काढता.” काढला. सासू-सून, मागे पिवळीचा मुकुट. दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच, आणि तो पेपरात येणार नाही.

काळी काढणं अवघड. भाद्रपदातलं आभाळ पांढरंफटक, त्यापुढे काळा, उंच पुतळा. कॅमेऱ्याचं मीटर आभाळ सांभाळतं आणि चेहरा बुडवतं. उलट करायचं: आभाळ जळू द्यायचं, डोळे आणि लोंबणारी जीभ दिसली पाहिजे. बाकाबाई भोसल्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याच्या रागातून ही काळी आली, असं जुने लोक सांगतात. पिवळीचं तसं नाही. तिच्यापुढे बाया तान्ही लेकरं धरतात, पायांना लावतात. गुलालानं लेन्स दोनदा पुसावी लागली.

मग बडगे. महागाई, खड्डे, पुढारी, सगळे लाकडा-कागदाचे, हातात पाटी. एक बडग्यावाला पोरगा मला दंडाला धरून म्हणाला, “भाऊ, पुतळा नाई आला तं चालते, पाटी वाचता आली पायजे.” पोरगं बरोबर बोललं. बडग्याची सगळी धार त्या पाटीत. अक्षर फोकसमध्ये नसेल तर उरतो नुसता कागदाचा माणूस. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना हे उमगत नाही. ते रंगांच्या मागे धावतात.

‘ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ कानात घेऊनच घरी आलो. अंघोळ केली आणि लगेच तान्हा पोळा. लाकडी बैल ओढणारी पोरं, कोणी शिवाजी, कोणी शेतकरी, आणि एक तीन वर्षांचा डॉक्टर, बैल कडेवर घेऊन झोपलेला.

२३ सप्टेंबर, शनिवार

आजची असाइनमेंट होती गणपतीचे देखावे. पहाटे फोन आला, “झाशी राणी चौकात ये, पण गाडी आणू नको.”

रात्रीतून चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं वाट सोडली. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या. आमचा कार्यक्रम-फोटोग्राफर म्हणून जो हिशेब असतो, पाहुणे कधी येणार, दिवा कधी लागणार, त्यातलं काही चालेना. एका मंडळाची पोरं मांडवातला गणपती टेबलावर टेबल रचून वर चढवत होती. त्यातल्या दोघांना मी ओळखतो, दरवर्षी आरतीच्या फोटोत पुढे येण्यासाठी ढकलाढकली करतात. आज त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही.

डागा ले-आउटमध्ये दुपारी घराघरांतून सामान बाहेर. गाद्या, फ्रीज, पोथ्या. आणि जवळजवळ प्रत्येक फाटकावर वाळत घातलेले अल्बम. चार माणसं गेली या पुरात. त्यापुढे अल्बमचं काय, असं वाटून मी ते फोटो पाठवले नाहीत. काढले मात्र.

८ ऑक्टोबर, रविवार

भरतनाट्यम, एका गुरूंच्या शिष्या. आयोजकांनी मंचामागे एलईडी पडदा लावला आहे, त्यावर फिरतं देऊळ आणि उडणारे हंस. हल्ली हे सगळीकडे. शटर वेगात ठेवलं तर पडद्यावर काळे पट्टे येतात, हळू केलं तर नाचणारीचे हात वितळतात. मी पडदा सोडून देतो. मंचाच्या कडेला, पडदा फ्रेमबाहेर जाईल अशा कोनात, जमिनीवर बसतो. फ्लॅश नाही, शटरचा आवाज बंद. तबल्यासारखंच मृदंगाचं आहे, आवर्तन मोजत बसलं की समेला नाचणारी क्षणभर थांबते, तो फोटो घ्यायचा. त्यासाठी थोडं ताल-ज्ञान लागतं. माझं ऐकीव आहे, बर्डीत धनवटे रंगमंदिर होतं तेव्हाच्या फुकट पासांचं.

शेवटी ग्रुप फोटो. तीस मुली, आया, गुरू, प्रमुख पाहुणे, प्रमुख पाहुण्यांचे मित्र. खरं काम इथून सुरू होतं. वही काढायची आणि डावीकडून नावं लिहायची. नवीन पोरं कंटाळतात, ‘मान्यवर व विद्यार्थिनी’ लिहून मोकळी होतात. मला ते चीड आणतं. मुलीचं नाव छापून आलं की ते कात्रण घरात राहतं. पाहुण्यांचं काय, ते उद्या दुसऱ्या फोटोत आहेतच.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवसांपासून स्टेशनवरून बर्डीमार्गे माणसं चालत दीक्षाभूमीकडे जात आहेत. पांढरी साडी, पांढरा सदरा, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली त्या १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमी होती, म्हणून दरवर्षी दसरा.

बाहेरून आलेले कॅमेरेवाले स्तूप आणि गर्दी काढून परत जातात. स्तूप देखणा आहे, वाद नाही, २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हा मी पास मिळवायला केलेली धावपळ अजून आठवते. पण दीक्षाभूमीचा फोटो पुस्तकांच्या स्टॉलवर आहे. लाखोंच्या गर्दीत माणसं पुस्तकं चाळत, भाव विचारत उभी असतात. परभणीकडची एक बाई नातवाकडून पुस्तकाचं नाव दोनदा वाचून घेत होती, मग कमरेची पिशवी सोडून पैसे मोजले. विचारून फोटो काढला. नाव विचारलं तर म्हणाली, “माहं कशाला, पोराचं लिवा, त्यो वाचनार हाय.” दोघांचं लिहिलं. डेस्कनं दोन्ही नावं ठेवली, त्याबद्दल आभार.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

झीरो माइलजवळ गोवारी स्मारक. १९९४ साली याच तारखेला गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. वरच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल? गावांकडून आलेले लोक, फुलं, घोषणा. लांबूनच काढलं. इथे कोणाला ‘जरा इकडे बघा’ म्हणायचं नसतं.

२ डिसेंबर, शनिवार

डागा ले-आउटचे एक काका ऑफिसात आले. पिशवीत पुरात भिजलेले फोटो. धनवटे रंगमंदिरातल्या नाटकाचे, कृष्णधवल. स्वच्छ पाण्यात एकेक सोडवून, चित्राची बाजू वर ठेवून वाळवलेले. चेहरे शाबूत. मागे नावं लिहिलेली होती, शाईच्या पेनानं. सगळा निळा डाग.

“बाबू, हा मी. ही आमची नायिका, ती गेली. हा डावीकडून दुसरा कोण, ते आठवून नाही राहिलं. तुमच्या पेपरात आला होता हा फोटो, पाहून दे ना.”

एका जुन्या दैनिकाच्या निगेटिव्ह जागा नाही म्हणून रद्दीत गेल्याचं मला माहीत आहे. काकांना तसं सांगितलं. ते बराच वेळ बसले. मग एकच फोटो पुढे केला, त्याच्यामागची नावं स्पष्ट वाचता येत होती. ती पेन्सिलीनं लिहिलेली.

तेवढ्यासाठी हे पान. घरात जुने फोटो असतील, नाटकाचे, मंडळाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, तर या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. मऊ पेन्सिल घ्या, जोर देऊ नका, डावीकडून सुरुवात करा. गाव आणि साल पण लिहा.