दादीचा अर्धा फोटो

आम्ही तिघा भावंडांनी पैसे जमवून पहिला कॅमेरा घेतला, तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारला होता, "मेगापिक्सेल किती?" दुकानदार म्हणाला २४, आणि आम्ही खूश. आता कुणी नवीन कॅमेरा घ्यायला निघाले की आम्ही आधी हिशेब मांडून दाखवतो. ६ बाय ४ इंचांचा फोटो दर इंचाला ३०० ठिपके धरून छापायचा, तर १८०० गुणिले १२०० ठिपके लागतात. म्हणजे अडीच मेगापिक्सेलही पुरे.

पैसे घालायचे तर लेन्समध्ये घाला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स अंगणात ठीक, पण माजघरात संध्याकाळी ती हात टेकते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्याच जागी साधारण नऊपट प्रकाश आत घेते आणि किमतीलाही फार जड नसते. फक्त खोली लहान असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते! जुनी लेन्स घेणार असाल तर आरपार बॅटरी मारून पाहा. कोकणच्या पावसाळ्यात काचेवर बुरशीचे जाळे धरते. आम्ही आमची लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. अम्मीचा तो डबा परत करायचा अजून राहिलाच आहे.

मुले धावत असतील तर शटर सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा हळू ठेवू नका. आयएसओ वाढवून फोटो थोडा दाणेदार आला तरी चालतो, हललेला चेहरा मात्र काही केल्या सरळ होत नाही. आणि समोरून फ्लॅश मारण्यापेक्षा माणसाला खिडकीशी बसवा.

दादीला आम्ही बसवले नव्हते, ती आपणहून बसली होती. ईदच्या आदल्या दुपारी खिडकीशी ताट घेऊन शीरखुर्म्याची चारोळी निवडत होती. तिला फोटोचे वावडे. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांना असते, म्हणून विचारल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही हे आम्ही पाळतो. त्या दिवशी कशी कोण जाणे, म्हणाली, "काढा. पण कुणाला पाठवू नका हां."

आम्ही पाठवला नाही. पंधरवड्यात दादी अल्लाहला प्यारी झाली. फोटो कार्डवरच होते. पुढच्या महिन्यात भाच्याच्या अकीक्याला ऐन वेळी कार्ड भरले आणि आमच्यापैकी कुणीतरी घाईत ते फॉरमॅट केले. आपा म्हणते भाईजानने, भाईजान म्हणतो आपाने. रात्री लक्षात आले तोवर त्याच कार्डवर दोनेकशे फोटो काढून झाले होते.

तेव्हा एक गोष्ट माहीत असती तर! फॉरमॅट केल्यावर कॅमेरा बहुधा फक्त यादी पुसतो, फोटो जागेवरच असतात. नवे फोटो त्यांच्यावर चढले की मग ते जातात. म्हणून असे काही झाले तर कार्ड तत्क्षणी बाहेर काढा, एकही फोटो घेऊ नका. बाजारातल्या संगणकवाल्याने सॉफ्टवेअर लावून आम्हाला सात फोटो काढून दिले. त्यांतला एक दादीचा.

आता कार्यक्रमाहून आलो की हातपाय धुण्याआधी फोटो संगणकावर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो. तिसरी प्रत आपाच्या सासरी असते, कारण एकाच कपाटात दोन प्रती म्हणजे पाणी शिरले तर दोन्ही गेल्या. दोन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो प्रत म्हणून धरू नका, तिथे तो आक्रसून जातो. कुणाला न पाठवताही फोटो सांभाळता येतो, एवढे आम्हाला दादी असतानाच कळायला हवे होते.

तो फोटो आम्ही छापून अब्बांच्या खोलीत ठेवला आहे. वरच्या भागात दादीचा चेहरा आहे, खिडकीच्या उजेडात, ओढणी कानामागे घेतलेली. खाली, जिथे तिचे हात आणि चारोळीचे ताट होते, तिथे करडा पट्टा आहे.