मुळशीचें पाणी आणि रानकोंबड्याचें पीस

पुण्याहून पश्चिमेस भूगांव, पिरंगुट, पौड असे टप्पे घेत निघालें म्हणजे मुळशीचें पाणी दिसूं लागतें. पावसाळा ओसरून आश्विन लागला कीं उतारांवर सोनकी फुललेली असते, खाचरांतील भात पिवळा पडूं लागलेला असतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवरचा तो विस्तीर्ण जलाशय कांठोकांठ भरलेला असतो. तो पाहून ज्याचें चित्त प्रसन्न होणार नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु या पाण्याच्या तळाशीं काय निजलें आहे, याचें स्मरणहि प्रत्येक महाराष्ट्रीयानें ठेविलें पाहिजे.

टाटा कंपनीनें येथें मुळा नदीवर धरण बांधावयास घेतलें तेव्हां खोऱ्यांतील गांवें व पिढ्यान्‌पिढ्या कसलेलीं भातशेतें बुडणार हें उघड झालें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांच्या नांवामागें ‘सेनापति’ ही पदवी लागली ती याच लढ्यामुळें. १९२४ पर्यंत लढा चालला. पण धरण झालेंच, आणि १९२७ पासून येथील पाणी घाटाखालीं भिरा येथें उतरून मुंबईसाठीं वीज निर्माण करूं लागलें.

यंदा आम्ही तेथें गेलों तें आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून. नोकरीनिमित्त कांहीं वर्षें स्कॉटलंडांत राहून तो परतला, तो एक नवाच छंद घेऊन. तिकडे ट्राउट नांवाचा मासा गळाला आमिष लावून न धरतां, पिसें व लोंकर बांधून केलेल्या कृत्रिम माशीनें धरतात. माशीनें मासा धरावा, हा योग मराठी भाषेलाच साधावा! ज्या घरांत मासा शिजत नाहीं त्या घरांत हा उद्योग कशास, असें वाचक विचारतील. आम्हींहि तेंच विचारलें. त्यानें सांगितलें कीं गळाचा कांटा चिमटून बोथट करावयाचा, आणि मासा हातीं लागला तरी पुनः पाण्यांत सोडावयाचा. खरा आनंद बांधण्यांत आहे.

वस्तुतः आमच्या पूर्वजांस हा विषय परका नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदासहि स्थान आहे, दोर, गळ व आमिष यांचा विचार तेथें शास्त्रशुद्ध रीतीनें केलेला आहे. तिकडे एलियन या रोमन ग्रंथकारानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं मॅसिडोनियांतील कोळ्यांची माशी वर्णिली आहे. तिचें साहित्य किती? गळाभोंवतीं तांबडी लोंकर, आणि कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें!

नवशिक्यानें हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. दुकानदारांच्या याद्यांत पिसांचे शेंकडों प्रकार असतात. ते सारे घेणारा घर भरतो, पण माशी बांधीत नाहीं. आधीं एकच माशी निवडावी व तिच्यापुरतेंच सामान घ्यावें. गळ मध्यम आकाराचा असावा. फार लहान गळावर नवखीं बोटें अडखळतात. दोरा बारीक पण मजबूत हवा. जाड दोऱ्यानें माशी बेढब होते. दोऱ्यास मेण चोळावें, म्हणजे तो घसरत नाहीं. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीस कोंबड्याच्या मानेचें ताठ पीस लागतें: वांकवून पाहावें, तंतू सुटे उभे राहून बोट काढतांच पूर्ववत् झाले तर तें उत्तम. पाण्याखालीं जाणाऱ्या माशीस मात्र कोंबडीचें मऊ पीस योग्य, कारण तें प्रवाहांत जिवंतासारखें हलतें. अंगासाठीं लोंकर किंवा मोरपिसाचे तंतू घ्यावे; हे तंतू नाजूक असल्यानें दोऱ्याबरोबर पिळून गुंडाळावे. चकाकीसाठीं आपली जर पुरेशी आहे.

गंमत अशी कीं यांतील बहुतेक सामान मुळशीच्या परिसरांतच सांपडतें. घोंगडीचे निघालेले धागे, मधमाश्यांचें मेण, अंगणांत गळलेलीं गांवठी कोंबड्याचीं पिसें. मोराचीं आपोआप गळालेलीं पिसें जवळ बाळगण्यासहि कायद्याची आडकाठी नाहीं.

परंतु मोहाची वस्तूहि याच रानांत वावरते. ताम्हिणीच्या झाडींत राखी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेच्या पिसांच्या टोंकांशीं मेणाचे थेंब सांडावे तसे पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. माशी बांधणारे पाश्चात्त्य लोक या पिसांस फार मोलाचीं मानतात. हिंदुस्थानांतून पक्ष्यांचीं पिसें बाहेर धाडण्यास १९०२ सालींच बंदी झाली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें या पक्ष्यास संरक्षण दिलें, आणि २०१३ सालीं ताम्हिणीचें अभयारण्य झालें.

आम्ही चहासाठीं थांबलों होतों तेथें पुतण्याचें सामान पाहून एका मुलानें कागदाची पुडी आणून उलगडली. तींच पिसें! पुतण्याचा हात आपोआप पुढें झाला. आम्हीं पाहिलें तों देंठाशीं कातडीचा तुकडा होता.

“बाळ, हें कुठें मिळालें?”

“फासकीत घावला, गुर्जी. शहरांत लई पैसं येत्यात म्हंत्यात.”

पुतण्या बराच वेळ पिसांकडे पाहत राहिला. अखेर पुडी मिटून त्यानें परत दिली, आणि हें घेणेंहि गुन्हा व विकणेंहि गुन्हा, असें त्या मुलास नीट समजावून सांगितलें.

“मंग आमी काय इकायचं?” मुलानें विचारलें.

या प्रश्नास नीतिपाठ हें उत्तर नव्हे. ज्या खोऱ्यापासून एवढें घेतलें गेलें, तेथील मुलास शहरच्या पाहुण्यांनीं नुसता उपदेश करून निघून जावें हें आम्हांस शोभलें नसतें. पुतण्यानें त्याच्या घरच्या तांबड्या कोंबड्याचीं गळलेलीं पिसें मागितलीं, ताठ कोणतीं व मऊ कोणतीं हें त्यास निवडावयास शिकविलें, आणि चांगला मोबदला दिला. दर महिन्यास पिसें पाठविण्याचेंहि ठरलें.

मुळशीच्या उष्ण हवेंत ट्राउट जगत नाहीं. त्यास काश्मीर-निलगिरीचें थंड पाणी हवें. परंतु या भागाचा स्वतःचा मानी मासा आहे. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याच्या नद्यांतील ज्या महाशीराचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्याचें शास्त्रीय नांव आजहि ‘खुद्री’ असेंच आहे. टाटा कंपनीनें पुढें लोणावळ्याजवळ वळवण येथें त्याचीं पिलें वाढविण्याचें कामहि हातीं घेतलें. परवानगी मिळाली म्हणजे पुतण्या त्याच्यासाठीं माशी टाकणार आहे: काळ्या घोंगडीचें अंग, गांवठी कोंबड्याचें पीस, वर जरीचे दोन वेढे. दिसावयास ती साधी आहे; पण तिच्यासाठीं रानांतला एकहि जीव गेलेला नाहीं. नवशिक्यास याहून चांगलें साहित्य आम्हांस तरी सुचत नाहीं.