माथेरानला मिळालेला उःशाप

मैत्रिणींनो, दुर्वास ऋषींचा मला लहानपणापासून भारी राग. बिचारी शकुंतला दुष्यंताच्या आठवणीत हरवून बसलेली. दारी आलेल्या अतिथीची हाक तिला ऐकू गेली नाही, एवढाच काय तो अपराध. तेवढ्यावरून या महाराजांनी शाप देऊन टाकला! मी शाळेत अर्धवेळ मराठी-संस्कृत शिकवते. वर्गात ही कथा आली की दर वर्षी माझा आवाज थोडा चढतोच. पण गेल्या श्रावणात माझ्याच घरात मीच दुर्वास झाले, आणि हे माझ्या ध्यानात आलं ते पार माथेरानला गेल्यावर.

झालं असं, की घरी सत्यनारायण होता. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. दारावरची बेल तीनदा वाजली. आमची नववीतली कन्या बाहेरच्याच खोलीत, पण हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी. शाप, जादू, राजपुत्र आणि प्रेम! शेवटी पिठाच्या हातांनी मीच दार उघडलं, तर दारात चुलतसासूबाई घामाघूम उभ्या. मी अशी ओशाळले! त्या भरात सगळ्यांदेखत बोलून गेले, "घाल असल्याच पुस्तकांत डोकं. तुझं आयुष्यात काही भलं व्हायचं नाही!" वर पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं.

पोरगी रडली नाही, भांडली नाही. नुसती गप्प झाली. विचारलं तेवढ्याचं उत्तर, वाढलं तेवढं जेवण. असे तीन महिने गेले. दिवाळीनंतर हेच म्हणाले, "घरात नाही बोलत ना, मग घराबाहेर काढू या तिला." माथेरानचा बेत ठरला. बॅग भरताना साडी ओढली तर खालून ते पुस्तक निघालं. का कोण जाणे, मी ते माझ्या पिशवीत टाकलं.

नेरळला उतरून आम्ही छोट्या गाडीत बसलो. जेमतेम दोन फूट रुंदीचे रूळ आणि एकवीस किलोमीटरची वळणावळणांची चढण. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधून काढला. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले, पुढेही गाडी बंद पडली, पुन्हा सुरू झाली. पण सुटली की अजूनही तशीच डुलत डुलत निघते. वाटेत बोगदा एकच, तोही इवलासा. त्याचं नाव 'वन किस टनेल'. अंधार एका चुंबनापुरताच टिकतो म्हणून! ह्यांनी ही माहिती मोठ्यानं सांगितली मात्र, मी आपली घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा समोरच्या बाकावर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. लगेच दाबलंही गेलं.

वर मोटारीला बंदी. दस्तुरी नाक्यापुढे घोडा किंवा आपले पाय. गेल्या काही वर्षांत थोड्या ई-रिक्षा आल्या आहेत, एवढंच. पायाखाली लाल माती आणि डोक्यावर झाडांचं असं दाट छत, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. माथ्यावरचं रान ते माथेरान, ही नावाची फोड चालताना पटते. रहस्यकथा घडायला याहून चांगली जागा कुठली?

रात्री दोघं झोपल्यावर मी ते पुस्तक उघडलं. चार पानं चाळू म्हटलं, आणि दोन कधी वाजले कळलं नाही. ब्रिजिड केमरर या लेखिकेची २०१९ सालची 'अ कर्स सो डार्क अँड लोनली'. एका राजपुत्राला शाप आहे. त्याच्या अठराव्या वर्षातला तोच ऋतू पुन्हा पुन्हा येतो आणि दर खेपेला शेवटी तो हिंस्र जनावर होतो. कुणी मुलगी त्याच्यावर मनापासून प्रेम करील तेव्हाच सुटका. तिथे येऊन पडलेली नायिका मात्र काही परी नाही. जन्मापासून मेंदूच्या पक्षाघातामुळे ती लंगडत चालते. आणि घरी तिची आई कर्करोगानं अंथरुणाला खिळलेली! राजवाडा मिळाला तरी पोरीचा जीव आईकडे लागलेला. तिथे मी थांबले. भुताखेतांचं म्हणून जे कुलुपात घातलं, त्यात हे होतं तर!

सगळंच काही रुचलं नाही हं. मारामाऱ्या आणि रक्तपात फार. पण मी तरी तिच्या वयात काय वाचत होते? वाचनालयातून आणलेले नारायण धारप, पांघरुणात बॅटरी लावून. त्यांची 'लुचाई' वाचली तेव्हा महिनाभर रात्री एकटी पाणी प्यायला उठले नव्हते. माझी आजी सांगायची, तिनं नाथमाधवांचं 'वीरधवल' चुलीपुढे बसून वाचलं, आणि एकदा भात करपला म्हणून बोलणी खाल्ली. त्याच्याही मागे जा. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा'. आपली मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती तेव्हापासून ती अद्भुताचं बोट धरून चालली आहे. म्हणजे करपलेला भात, न ऐकू आलेली बेल, ही आमच्या घराण्याची परंपराच म्हणायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लट तलावाकाठी पिसारनाथाचं दर्शन घेतलं. गावाचं हे दैवत, आणि माथेरानला पाणी पुरवणारं हे तळं. पायऱ्यांवर बसले असताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, त्या राजपुत्रापेक्षा त्याचा तो पहारेकरीच जास्त चांगला नाही का?"

ती जागच्या जागी थबकली. "आई, तू वाचलंस?"

"निम्मं झालंय. शेवट सांगू नकोस."

मग काय, धरण फुटावं तशी बोलत सुटली. एको पॉइंटला पोचेपर्यंत तिघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलली. प्रतिध्वनी ऐकायचा राहूनच गेला.

संध्याकाळी दक्षिणेच्या टोकाला, चौक पॉइंटला गेलो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूनेच हा डोंगर चढून आले आणि माथेरान साहेबलोकांना ठाऊक झालं. समोर इर्शाळगडाचा सुळका दिसत होता. त्याच्याच कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, दिवसेंदिवस कोसळणाऱ्या पावसात डोंगराचा उतार घरांवर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे चिखलातून चढत गेले. सत्तावीस देह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत.

शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हळहळल्या, "शापच असणार हो त्या जागेला."

मी मान डोलावणार, तोच कन्या हळू आवाजात मला म्हणाली, "शाप नाही गं. गोष्टीत शाप असला तर तो का लागला, कसा सुटेल, ते कुणीतरी शोधत राहतं. इथे शाप म्हटलं की झालं, मग कुणी काही शोधायलाच नको." जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तू म्हणालीस ना, माझं भलं व्हायचं नाही, तेही मी रोज आठवत होते. खरंच नाही होणार का?"

मैत्रिणींनो, कड्याच्या काठावर उभं राहून मला पायाखालची जमीन हलल्यासारखं झालं. रागाच्या एका क्षणात आपण बोलून जातो, पुऱ्या तळून संपतात, पाहुणे जेवून जातात. पोर मात्र ते वाक्य उशाशी घेऊन झोपते.

शकुंतलेसाठी प्रियंवदा ऋषींमागे धावली आणि उःशाप मागून आणला. माझ्या लेकीसाठी कोण धावणार? मीच दुर्वास, तेव्हा प्रियंवदाही मलाच व्हायला हवं होतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. आईनं लेकीला असं म्हणायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे शब्द जरा अडखळले. "तुझं भलंच होणार. रागानं बोलले ते मागे घेते." आणि पिशवीतलं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उघडून बघितलं. माझी खूण होती तिथे तशीच ठेवून मला परत दिलं. "आधी तू पुरं कर."

आता आमच्याकडे रात्री जेवणानंतर अर्धा तास दोघींचा वाचनाचा. ती मला तिची पुस्तकं देते, मी तिला धारप दिले आहेत. 'लुचाई' वाचल्यापासून ती पाणी प्यायला मला उठवते. बेल मात्र अजूनही तिला ऐकू येत नाही. मी दार उघडते आणि पाहुण्यांना सांगते, "या, बसा. ती जरा दुसऱ्या राज्यात गेली आहे."

माथेरानला जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद ठेवतात, तेव्हा दस्तुरीपर्यंत टॅक्सीनं जावं आणि पुढे अमन लॉजहून गाडी आहे का ते बघावं. चपला नकोत, मजबूत बूट घाला, आणि पांढरे कपडे मुळीच नेऊ नका. लाल माती जाता जात नाही. खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळा. आणि हो, त्या पिशवीत लेकीचं एक पुस्तक जरूर टाका. वाचायला, तुमच्यासाठी.