वाटीभर गारा

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव नावाचे गाव आहे. भोवती भाताच्या बांध्या, मोहाची झाडे आणि त्यापलीकडे रान. तेथे १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. आम्ही मात्र तिला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणत असू. तो मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि मी बारा वर्षांचा होतो.

१९५९ साली दलाई लामांनी तिबेट सोडले. त्यांच्या पाठोपाठ हजारो माणसे हिमालयाच्या खिंडी ओलांडून भारतात आली. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंच आहे. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. त्या माणसांना येथे काय वाटत असेल, याचा विचार आम्हां मुलांच्या मनात कधी आला नाही. त्यांचे लांब अंगरखे आणि जाड बूट पाहून आम्हांला हसू येई, एवढेच.

त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ रोवणी पाहण्यासाठी आमच्या शेतावर येत. जव पिकविणाऱ्या त्या हातांना चिखलात परहे रोवणे नवे होते. एकदा आजीने त्यांना चहा दिला, तर त्यांनी कमरेच्या पिशवीतून मीठ काढून त्यात टाकले. आपला चहा बिघडला की काय, म्हणून आजी रुसली. तिबेटात चहात मीठ आणि लोणी घालतात, हे त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत तिला समजावले. पुढच्या खेपेस तिने स्वतःच तसा चहा केला. तो कसा झाला होता कोण जाणे. पण बाबाजींनी दोन पेले घेतले. मग तिने सातूचे पीठ पुढे ठेवले. ते त्यांनी आपल्या लाकडी वाटीत घेतले, त्यात चहा ओतला, बोटांनी मळून त्याचा गोळा केला आणि तोंडात घातला. त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे भाजलेल्या जवाचे पीठ असेच खातात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

एके दिवशी त्यांनी मला विचारले, “इकडे बर्फ कधी पडतो?” इतकी वर्षे ते हिमालयातील रस्त्यांच्या कामावर होते, आमचा मुलूख त्यांना अपरिचित होता. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “दिवाळी झाल्यावर.” माझे सोबती तोंड दाबून हसले.

दिवाळी गेली, पौष गेला. आजीने सातूचे पीठ देऊन मला कॅम्पात पाठविले. बाबाजींची पत्नी अंथरुणाला खिळली होती. तिने मला काही विचारले. तिचा नातू हिंदीत म्हणाला, “आजी विचारते, बर्फ कधी पडणार? आजोबा तिला रोज सांगतात, शेजारच्या मुलाने सांगितले आहे.” डबा तेथेच ठेवून मी पळत सुटलो. रात्री आजीला सारे सांगितले. ती रागावली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

माघात एका दुपारी आभाळ काळवंडले आणि गारा कोसळू लागल्या. बाबाजी आमच्याच ओसरीवर होते. दहा मिनिटांत बांध्यांतील फुलोऱ्यावर आलेली लाखोळी आडवी झाली, आंब्याचा मोहर झडला. वडील कपाळाला हात लावून बसले. बाबाजी मात्र उघड्या डोक्याने अंगणात धावले आणि लाकडी वाटीत गारा वेचू लागले. त्यांचे तोंड लहान मुलासारखे फुलले होते. वाटी भरली, त्यांनी वर पाहिले, आणि वडिलांचा चेहरा त्यांच्या दृष्टीस पडला. ते जागच्या जागी थांबले. त्यांनी हळूच वाटी कलती केली.

आजीने त्यांचा हात धरला. “बाबाजी, सांडू नका,” ती म्हणाली. तिने टोपलीत भाताचा कोंडा ओतला, त्यात ती वाटी रोवली, वर झाकण ठेवले आणि टोपली माझ्या डोक्यावर दिली.

“तूच सांगितलं होतंस ना? मग तूच पोचव. धाव!”

कॅम्प कोसभर दूर होता. जाड बुटांमुळे बाबाजी मागे पडले. मी पोहोचलो तेव्हा वाटीत निम्मे पाणी झाले होते. त्या वृद्धेने एक गार उचलून गालाला लावली, आणि दुसरी माझ्या तळहातावर ठेवली.