स्त्री-हॉर्मोनचे उपचार: सोसायचे काय आणि सांगायचे काय?

या ब्लॉगवर आपण आजवर मधुमेह, रक्तदाब, उष्माघात, सांधेदुखी अशा रोजच्या दुखण्यांविषयी बोललो. आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांना दूरचा वाटेल. पण सेलूसारख्या तालुक्याच्या गावात माझ्या ओपीडीतही आता असे पेशंट येतात, ज्यांची जन्मनोंद मुलगा म्हणून झाली, पण ज्या स्वतःला स्त्री म्हणून ओळखतात आणि शरीर तसे व्हावे म्हणून हॉर्मोन घेतात. त्यांना पारलिंगी स्त्रिया किंवा ट्रान्सवूमन म्हणतात. उपचार पुण्या-मुंबईच्या नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या तज्ज्ञांकडे सुरू झालेले असतात. पण छाती दुखली, चक्कर आली, पाय सुजला की दार वाजते ते जवळच्या डॉक्टरचे. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठीही.

आमच्या पिढीच्या एमबीबीएसच्या अभ्यासात हा विषय माणसाच्या तब्येतीचा विषय म्हणून शिकवलाच गेला नाही. पुस्तकांतला अपमानकारक मजकूर काढण्याची सूचना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने दिली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. मी स्वतः शिकलो ते पुढे, पेशंट समोर आले तेव्हा. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि डब्ल्यूपाथ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२२ ची आठवी आवृत्ती, ही दोन्ही कोणत्याही डॉक्टरला वाचायला मिळतात.

पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला पेशंटनी शिकवली. या मुली दुखणे सांगत नाहीत. "फार नाही दुखत डॉक्टर, चालतंय," असे म्हणतात आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या असतात. कारण विचारले तर दोन उत्तरे मिळतात. पहिले, "त्रास होतोय म्हटलं तर तुम्ही गोळ्या बंद कराल." दुसरे, "घरी कळलं तर आई म्हणेल, बघ, सांगितलं होतं ना!" म्हणजे दुखणे सांगितले की ते पश्चात्ताप म्हणून धरले जाईल, ही भीती. मधुमेहाचा पेशंट गोळीने पोट बिघडले असे सहज सांगतो. आपण त्याला "मग साखर वाढू दे" म्हणत नाही, गोळी बदलून देतो. इथेही तेवढेच करायचे असते.

शरीरात नेमके काय होते?

या उपचारात साधारण दोन कामे होतात. इस्ट्रॅडिओल हे स्त्री-हॉर्मोन गोळी, जेल, पट्टी किंवा इंजेक्शनने दिले जाते. आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हॉर्मोन कमी करण्यासाठी दुसरे औषध जोडले जाते. आपल्याकडे बहुधा ते स्पायरोनोलॅक्टोन असते. थोडक्यात, ही वयात येण्याची दुसरी खेप आहे. पहिल्या खेपेला शरीर जसे वर्षे घेते, तशी याही वेळी घेते. छातीची वाढ, त्वचेचा मऊपणा, स्नायू कमी होणे, चरबीची जागा बदलणे हे सगळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होते. स्तनांची वाढ पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. गोळ्या दुप्पट घेतल्याने ही वाढ लवकर होत नाही, धोका मात्र वाढतो. आवाज तर या औषधांनी बदलतच नाही.

छातीतली गाठ आणि ठणका

सर्वांत जास्त घाबरवणारी तक्रार हीच. स्तनाग्राच्या मागे रुपयाएवढी चकतीसारखी गाठ लागते. हुळहुळते, कपडा घासला तरी टोचते, एसटीत कुणाचे कोपर लागले तर डोळ्यांसमोर तारे चमकतात. कधी एका बाजूला आधी येते, दुसरीकडे महिन्याभराने. ही कॅन्सरची गाठ नव्हे. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या छातीत जी कळी येते, तीच ही. त्या वयात आपल्या बहिणीला, लेकीला असेच दुखले होते, फक्त घरात कुणी बोलले नाही.

उपाय साधे आहेत. मऊ सुती बनियन किंवा मापाची स्पोर्ट्स ब्रा वापरा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरा. फारच ठणकले तर पॅरासिटामॉल घ्या. तेलाने जोरात चोळू नका, बाजारातली वाढीची क्रीम लावू नका.

अडचण वेगळीच असते. कामावर, गावात अजून "मुलगा" म्हणूनच वावरावे लागते, म्हणून अनेकजणी छातीवर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. त्यात बँडेजखाली घामोळे, खाज, गजकर्ण होते, बरगड्या दुखतात, श्वास अपुरा पडतो. बँडेजऐवजी अंगाबरोबर बसणारी पण श्वास घेता येईल अशी बनियन घाला. वर गडद, जाड सुती, दोन्ही बाजूंना खिसे असलेला सैल शर्ट घाला. घरी आल्यावर बनियन काढा, झोपताना तर नकोच.

गाठ दगडासारखी कडक असेल, जागची हलत नसेल, कातडी आत ओढली गेली असेल, स्तनाग्रातून रक्त किंवा दुधासारखा स्राव येत असेल, किंवा लाली आणि ताप असेल, तर मात्र थांबू नका.

तहान, लघवी आणि चक्कर

स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारे औषध आहे. त्यामुळे तहान लागते, वारंवार जावे लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आता पाहा, कापसाच्या जिनिंगवर किंवा मोंढ्यात काम करणाऱ्या पारलिंगी मुलीने जायचे कुठे? पुरुषांच्या मुतारीत भीती, बायकांच्या बाजूला आरडाओरड. मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही. दुपारी चक्कर येऊन पडते आणि लोक म्हणतात, हॉर्मोनने अशक्तपणा आला. अशक्तपणा औषधाने कमी आणि न प्यायलेल्या पाण्याने जास्त आलेला असतो. गोळीची वेळ बदलून हा त्रास बराच कमी करता येतो, म्हणून कामाच्या वेळा डॉक्टरला सांगा. पाणी तोडू नका.

या औषधाने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पोटॅशियम आणि किडनीची तपासणी करावी. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून जे पाकीट मिळते, त्यात पोटॅशियम असते. ते टाळा. रोज शहाळे पिण्याची सवय असेल तर डॉक्टरला सांगा. आणि अंगदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या या औषधाबरोबर परस्पर घेऊ नका. किडनीवर दुहेरी भार पडतो.

त्वचेचा तेलकटपणा कमी होतो, म्हणून थंडीत पाय फुटतात, खाज सुटते. साबण कमी, अंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल. एवढे बहुतेकींना पुरते.

ताकद जाते, ती कुठे?

ज्वारीचे पोते एका दमात उचलणारी व्यक्ती सहा महिन्यांनी अर्ध्या वाटेत थांबते. स्नायू कमी होणे हा या उपचाराचा अपेक्षित परिणाम आहे आणि तो वर्ष-दोन वर्षे चालू राहतो. हिमोग्लोबिनही तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर उतरते. लॅबच्या कागदावर "पुरुष" लिहिलेले असेल तर साडेबारा हिमोग्लोबिनपुढे कमीची खूण येते आणि विनाकारण लोहाची इंजेक्शने सुरू होतात. डॉक्टरबंधूंनो, हे ध्यानात ठेवा.

क्रिकेट खेळणाऱ्या अनाया बांगरने २०२४ मध्ये आपल्या हॉर्मोन उपचारांविषयी जाहीरपणे लिहिले. भारताकडून कसोटी खेळलेले संजय बांगर हे तिचे वडील, जन्माने आपल्या शेजारच्या बीडचे. ज्या ताकदीवर खेळ उभा होता ती कमी होत चालल्याचे दुःख तिने लपवले नाही, आणि आपण जशा आहोत तसे जगण्याचे समाधानही सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माझ्या पेशंटना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

ज्यांचे पोटच हमालीवर आहे त्यांनी ओझे कमी करून फेऱ्या वाढवाव्यात, उचलताना कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत. डाळ, शेंगदाणे, फुटाणे, चालत असेल तर अंडी रोज खावीत. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम करावा. त्याने शरीर पुरुषी होत नाही, हाडे आणि सांधे टिकतात.

खासगी तक्रारी

कामेच्छा आणि ताठरता पहिल्या एक ते तीन महिन्यांत कमी होऊ लागते, अंडकोष लहान होतात, कधी दुखतात. हे अपेक्षित आहे, पण अचानक जोराची कळ आली तर त्याच दिवशी दाखवा. तो भाग लपवण्यासाठी चिकटपट्टी लावू नका, कातडी सोलते. लघवी दाबून धरू नका. पुढे स्वतःचे मूल हवे असेल तर उपचार सुरू करण्यापूर्वीच शुक्राणू साठवण्याविषयी बोला. औषधांनंतर ती क्षमता परत येईलच असे नाही.

काहीजणींचे अंडकोष शस्त्रक्रियेने काढलेले असतात आणि पुढे त्या कोणतेही हॉर्मोन घेत नाहीत. त्यांना पाळी गेलेल्या बाईसारख्या गरम वाफा येतात आणि हाडे ठिसूळ होतात. त्यांनीही तपासणीला यावे.

मनही हलते. रडू लवकर येते. पण दोन आठवडे सलग उदास वाटले, झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.

हे मात्र सोसायचे नाही

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून एक घटना सांगतो. विशीतली एक मुलगी लंगडत आली. "पाय मुरगळला," म्हणाली. घोटा ठीक होता, डावी पोटरी मात्र उजवीपेक्षा चांगली सुजलेली, गरम आणि दाबल्यावर कळ येणारी. पाच दिवस झाले होते. आईला बाहेर बसवून विचारले, तेव्हा तिने पिशवीतून गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट काढले. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती रोज चार गोळ्या घेत होती, कुठलीही तपासणी न करता. त्याच रात्री तिला परभणीला पाठवले. डॉप्लर तपासणीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती गुठळी फुप्फुसात गेली असती तर हा परिच्छेद मला वेगळा लिहावा लागला असता. तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता माझं कायमचं बंद का?" मी म्हणालो, "ही गोळी आजपासून बंद. तुझा उपचार बंद की चालू, ते रक्त पातळ झाल्यावर तज्ज्ञ ठरवतील." पुढे काही महिन्यांनी त्यांनी तिला कातडीवर लावायचे जेल सुरू केले.

कारण समजून घ्या. माला-डीसारख्या गोळीत एथिनिल इस्ट्रॅडिओल असते. ते शरीराच्या नैसर्गिक इस्ट्रॅडिओलपेक्षा वेगळे आहे. यकृतात ते लवकर मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. पाळणा लांबवण्यासाठी रोजची एक गोळी वेगळी आणि चार गोळ्या वेगळ्या. ॲम्स्टरडॅमच्या केंद्राने १९९७ मध्ये ८१६ पारलिंगी स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्या काळी तिथे बहुधा हेच औषध दिले जाई, आणि शिरांतील गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा २० पट आढळले. आजची मार्गदर्शक तत्त्वे हे औषध वापरू नका असेच सांगतात. सिगारेट-बिडी असेल तर धोका आणखी वाढतो. पुण्या-मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासात पाणी प्या, मधूनमधून पाय हलवा.

एकाच पायाची सूज, अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, एका बाजूची ताकद जाणे, तोंड वाकडे होणे, कधी नव्हे असे डोके दुखून अंधुक दिसणे. यांतले काहीही झाले तर १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी, किती दिवस घेत आहात ते खरे सांगा. खोटे सांगितले तर डॉक्टर मुरगळलेल्या पायाचाच उपचार करील.

शेवटी

आईवडिलांना एक विनंती. लेकराला दुखत असेल तेव्हा निर्णय बरोबर की चूक हा वाद त्या दिवशी काढू नका. त्या दिवशी फक्त दुखणे पाहा. मेडिकलवाल्या मित्रांनो, चिठ्ठीशिवाय पाकिटामागून पाकिटे देऊ नका, आणि मागणाऱ्याला हसूही नका. हसलात तर ती दुसऱ्या दुकानात जाईल, डॉक्टरकडे नाही.

आणि मुलींनो, एक छोटी वही करा. औषध, वेळ, वजन, रक्तदाब आणि काय दुखले ते लिहा. पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणीला या. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्यात हॉर्मोन उपचारांच्या सोयीचा उल्लेख आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात विचारायला लाजू नका. दुखतंय म्हणालात म्हणून तुमचे औषध कुणी हिसकावून घेणार नाही. न सांगता सोसलेत, तर मात्र ते बंद करण्याची वेळ येऊ शकते.

काळजी घ्या.