मायची अर्धशिशी

सोयाबीन सोंगणीचे दिवस आले की आमच्या मायचे डोके उठायचे. अर्धे कपाळ ठणके, उलट्या होत, उजेड सोसवत नसे. रोज बुडे. लोक म्हणत, "ढोंग करते." आम्हीही गप्प राहत असू. माय कोरा चहा पिऊन, किराणा दुकानातली गोळी गिळून वावरात जाई.

शेवटी आम्ही तिला वाशीमला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विचारले, "जेवता काय आणि केव्हा?" उपाशीपोटी उन्हात राबणे, पाणी कमी पिणे यानेही अर्धशिशी उठते. रोज गोळी घेतली तर डोकेदुखी उलट वाढते. काही रुग्णांच्या शरीरात मॅग्नेशियम हे खनिज कमी आढळते. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञांच्या संस्थेनेही 2012 साली अर्धशिशी टाळण्यास मॅग्नेशियम बहुधा उपयोगी असल्याचे सांगितले.

100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 130 मिलिग्रॅम असते. पांढऱ्या तांदळात त्याच्या निम्मेही नाही. शिवारात सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली, तशी आमच्या ताटातली भाकरही गेली होती.

आता माय सकाळीच भाकर, पालेभाजी, तिळाची चटणी खाऊन निघते. दुखणे पुरते गेले नाही. पण पाळी लांबली आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्या मात्र कोणीही मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर नाहीच.

बंधू-भगिनींनो, घरातली बाई डोके धरून बसली तर तिला ढोंगी म्हणू नका. आधी विचारा, "जेवलीस का?" आम्ही ते फार उशिरा विचारले.