उणे पाच

वैशाखात जळगावची दुपार घरातच काढायची असते. यंदाच्या दुपारी मी एका जुन्या काँप्युटरपाशी काढल्या. डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळ स्पेक्ट्रम १९८२चा, केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीचा; त्याची प्लस आवृत्ती १९८८मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आपल्याकडे आणली. ४८ के मेमरी, झेड-८० प्रोसेसर, पडदा घरच्या टीव्हीचा, साठवण कॅसेटवर. कॅसेट लोड होताना टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावत. ते बघायला गल्लीतली पोरं खिडकीत गोळा होत.

यंत्र धुळ्याच्या मामांचं. पाचकंदीलजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, मशीन चालू असतानाच, मी मागच्या खाचेत जॉयस्टिकची जोडणी खुपसली. ती तिरकी बसली. पडद्यावर रंगीत चौकटी उमटल्या आणि तशाच गोठल्या. मामांना सांगितलं, आपोआप बंद पडलं. दुकान आवरताना त्यांनी हेच यंत्र मला दिलं, तेव्हापासून ते खोटं पुन्हा टोचायला लागलं.

मामांचा नियम एकच. "पहिले पावर देख, मंग बाकी देख."

अडॅप्टर नऊ व्होल्टचा, पण भार नसताना तो बारा-तेरा दाखवतो. त्याला घाबरायचं नाही. आतला ७८०५ त्यातून नेमके पाच करतो. ते पाच मिळत होते, म्हणून पावर ठीक आहे असं धरून मी दोन दुपारी भलतीकडेच शोधत राहिलो. खालच्या १६ के मेमरीचे आठ आयसी ४११६ जातीचे, आणि त्यांना वीज तीन प्रकारची लागते: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. बारा आणि उणे पाच प्लेटवरच तयार होतात, एक छोटी कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर मिळून. खाचेत काही तिरकं घुसलं की बहुतेक वेळा हाच ट्रान्झिस्टर जातो. उणे पाचमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. पण ते नसताना बारा व्होल्ट येऊन पोचले, तर आयसी आतून जळतात.

मोजलं. उणे पाचच्या जागी शून्य.

आपल्या भाषेत उणं म्हणजे कमीपणा. उणीदुणी काढायची, कुणाला कुणापेक्षा उणं ठरवायचं. माझी आजी शेवटची दहा वर्षं ओट्यावर बसून असायची. घरच्या कुठल्याच हिशेबात ती नव्हती. ती गेली आणि वर्षाच्या आत मामांच्या घरात तीन चुली झाल्या. मल्टीमीटरवरच्या त्या शून्याकडे बघताना मला तो रिकामा ओटा आठवला.

वरच्या ३२ केची तऱ्हा वेगळी. तिथे ६४ किलोबिटचे असे आयसी वापरले, ज्यांची अर्धी बाजू कारखान्यातच बाद ठरली होती. ते स्वस्तात मिळाले. चांगली अर्धी बाजू कोणती, हे प्लेटवरच्या एका तारेने सांगायचं, की झालं काम. किडका भाग काढून उरलेल्या वांग्याची भाजी करणाऱ्या आईच्या हाताखाली मी वाढलो, त्यामुळे या इंजिनियरांबद्दल मला फार आपलेपणा वाटतो.

ट्रान्झिस्टर बदलला. कंडेन्सर सगळेच बदलले. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, आणि या यंत्राने धुळ्याचे उन्हाळे पत्र्याखालच्या माळ्यावर काढले होते. उणे पाच आले. पडदा मात्र उभ्या रेघांनी भरला. चित्राची मेमरी याच खालच्या १६ केमध्ये, आणि तिथल्या बाइटमधला एकेक बिट एकेका आयसीकडे. एक आयसी गेला की दर आठ ठिपक्यांतला एक चुकतो. आठांवरून बोट फिरवलं. एकच चटका देत होता.

गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने तो उतरवून दिला. रोज सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा तो पोरगा. "काका, हा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो!" म्हणाला, आणि कितीतरी वेळ प्लेट हातात धरून बसला. ४११६ लॅमिंग्टन रोडवरून मागवला, जुन्या साठ्यातला.

सायंकाळी बटण दाबलं. काळा पडदा, क्षणभर लाल बारीक रेघा, मग पांढरं पान आणि तळाशी कॉपीराइटची, १९८२ची ती एक ओळ.

कीबोर्डच्या काही कळा अजून बोलत नाहीत. आतल्या पातळ पट्टीला चीर गेली असणार. तरी शनिवारी एसटीने, एरंडोल-पारोळ्यावरून, यंत्र मांडीवर घेऊन धुळ्याला जाणार आहे. जॉयस्टिकचं सांगायचं आहे. मामांचे हात आता थरथरतात, म्हणून मल्टीमीटरच्या पिना मी धरणार. आकडा ते वाचतील.